त्र्याऐंशी माणसं, एक पत्ता

"खाल्ली! ब्याऐंशी मानसं एका घासात खाल्ली यानं! अवं पोरी, बंद कर हे, नाई तं उरलेली बी खाऊन बसते!"

मास्तर खुर्चीत बसलेले नव्हते, खुर्चीवर उभे होते. एक हात छताच्या पंख्याकडे आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या लॅपटॉपवर. त्यांचा आवाज मुळातच भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचवायला घडवलेला. दहा बाय बाराच्या खोलीत तो मावेना. बडनेऱ्याला सुटायच्या बेतात असलेल्या रेल्वेच्या गार्डनं तो ऐकून हिरवा झेंडा खाली घेतला, असं त्या दिवशी अमरावतीभर झालं. मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

पडद्यावर मात्र अगदी थंडपणे लिहिलेलं होतं : तीनशे अकरा नावं मिळाली, ब्याऐंशी डुप्लिकेट काढून टाकली, अभिनंदन.

"मास्तर, ती माणसं नाहीत, पत्ते आहेत," मी म्हणाले. "त्र्याऐंशी जणांचा ईमेल एकच आहे. म्हणून यानं एक ठेवला आणि बाकीचे काढले."

"एका घरात त्र्याऐंशी मानसं राह्यली, तं ब्याऐंशी मेली काय?"

पडद्यावरचं अभिनंदन तसंच होतं. मी लॅपटॉप मिटला, आणि मी तर याच कामाचा पगार घेत होते.

मी मूळची अकोल्याची. नोकरीसाठी अमरावतीला आले आणि मास्तरांच्या माडीवर भाड्यानं राहिले. ऑफिस जाहिरातीचं, कोचिंग क्लासेस आणि बियाण्यांच्या दुकानांसाठी हजारो लोकांना ईमेल पाठवणं हे माझं काम. मी पाठवलेले ईमेल कोणी वाचत नसे, पण ते पोचत मात्र असे की पुसू नका. मास्तर हे माझे घरमालक. एसटीत छत्तीस वर्षं कंडक्टर. कंडक्टरला आपल्याकडे मास्तरच म्हणतात, त्यामुळे त्यांना दुसरं नाव असल्याचं गल्लीत कोणाला माहीत नव्हतं. काकूंना माहीत असावं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही.

त्या घरात दारापासून स्वयंपाकघरापर्यंत छताखालून एक दोरी गेली होती आणि तिच्या टोकाला गाडीतली असते तशी घंटी. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. मास्तरांनी एकदा ओढली की काकू फोडणी थांबवून चहा ठेवत. पाहुणे निघाले की दोनदा. एक दूरचे नातेवाईक फार वेळ बसले, तेव्हा मास्तरांनी ते उठायच्या आधीच दोनदा ओढली. ते अजून त्या गल्लीतून जात नाहीत.

पण हे सगळं वरवरचं. मास्तरांचं खरं प्रकरण कपाटात होतं. सतरा वह्या, पुठ्ठ्याच्या, कडा तेलकट. त्यात छत्तीस वर्षांतली स्वप्नं होती. दुसऱ्यांची.

कसं ते सांगते. अमरावती–मूर्तिजापूर–अकोला, मग अकोला–अकोट, पुढे अकोट–तेल्हारा, या रस्त्यांवर मास्तरांची हयात गेली. दुपारी गाडी निघाली की वऱ्हाडातलं ऊन खिडकीतून आत येऊन माणसांच्या मांडीवर बसतं. दहा मिनिटांत अर्धी गाडी झोपते. ज्याचं गाव आलं त्याला उठवणं हे कंडक्टरचं काम. मास्तर खांद्याला हात लावत आणि माणूस डोळे उघडतो न उघडतो तोच विचारत, "काय पाह्यलं?"

अर्धवट जागा माणूस खोटं बोलू शकत नाही. बॅग सापडेपर्यंत, चप्पल पायात जाईपर्यंत तो सांगून टाकतो. मास्तर उभ्याउभ्या लिहून घेत. सीट क्रमांक, कुठून कुठवर, आणि स्वप्न.

मी त्या वह्या माडीच्या पायरीवर बसून वाचल्या. दुपारी हातात घेतली की संध्याकाळ कधी झाली कळत नसे. अकोल्याच्या जिनिंगमधल्या एका हमालाच्या पाठीवर कापसाची गाठ हलकी हलकी होत गेली आणि त्याला उचलून रेल्वेच्या पुलावरून घेऊन गेली. खाली त्याची बायको डबा घेऊन उभी होती आणि डबा वर कसा द्यावा हे तिला कळेना. अकोटच्या एका नवरीनं पाहिलं, की ती सासरी पोचली तर घरातले सगळे झोपलेले, म्हणून तिनं अंगण झाडलं, पाणी भरलं आणि कोणाला न उठवता परत आली. मूर्तिजापूरच्या एका हवालदारानं स्वतःचीच सायकल चोरली आणि स्वतःला सापडला नाही.

आणि एकदा, मास्तर शपथेवर सांगत, बोरगावच्या अलीकडे सगळ्या गाडीला एकच स्वप्न पडलं. नदी होती आणि पलीकडे जत्रा. पण ज्यानं त्यानं आपल्या सीटवरून दिसेल तेवढंच पाहिलं. खिडकीतल्यांना नदी दिसली. मधल्यांना जत्रेतला पाळणा. उभ्यानं झोपलेल्यांना नुसते पुढच्याचे पाय. मास्तरांनी सगळ्यांचं जुळवून लिहिलं तेव्हा कुठं ते पूर्ण झालं.

"आणि ड्रायव्हर?" मी विचारलं.

"त्यानं नाई सांगितलं. पन गाडी त्या दिवशी लय मऊ चालली."

एकाच माणसाचं स्वप्न मास्तरांना कधी मिळालं नाही, ते काकूंचं. रोज सकाळी ते विचारत आणि काकू रोज म्हणत, "माहं माह्याजवळ." एकदा फारच मागे लागले तेव्हा काकू पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, "काय सांगू? तुमीच असता त्यात. तिकीट मांगत."

निवृत्तीनंतर मास्तरांच्या मनानं घेतलं, की ज्याचं स्वप्न त्याला परत द्यायचं. महिन्याला एक पत्र काढायचं. वर प्रत्येकाचं नाव, खाली त्याचं स्वप्न, आणि तळाला एकच प्रश्न : पुढं काय झालं? ते वह्या घेऊन त्याच रस्त्यांवर फिरले. गावोगाव उतरले, खाणाखुणा सांगून माणसं हुडकली आणि प्रत्येकाला ईमेल विचारला, कारण टपालानं तीनशे पत्रं लिहिताना बोटं आखडत होती.

आणि इथंच घोळ झाला. अकोट–तेल्हारा रस्त्यावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथं अजून भांडणं चालू आहेत. त्या गावात कोणाचाच स्वतःचा ईमेल नव्हता, आणि तरी सगळ्यांकडे होता. पीकविम्याचा अर्ज असो, रेशनचा, पोरीच्या स्कॉलरशिपचा, सगळं गाव सेतू केंद्रातल्या ताईकडे जातं. अर्जात ईमेलची चौकट आली की ताई आपलाच टाकते. त्यामुळे मास्तरांनी विचारलं तेव्हा गावातल्या त्र्याऐंशीही जणांनी मोठ्या ऐटीत तोच एक पत्ता सांगितला. मास्तरांना त्यात काही खटकलं नाही. वऱ्हाडात एका नळावर आख्खी आळी पाणी भरते.

तर यासाठी हवं होतं ईमेल पाठवायचं टूल. माझ्यासारखी तज्ज्ञ माडीवर असताना ते निवडायला एक दुपार पुरेल असं मला वाटलं. सव्वादोन महिने लागले.

नवा ड्रायव्हर आला की मास्तर त्याला दोन प्रश्न विचारत, घंटी ऐकू येते का आणि राग येतो का. टूलनाही त्यांनी तसंच पारखलं, फक्त माझ्यामार्फत.

पहिलं दिसायला देखणं. फुगे, रंग, शंभर तऱ्हांचे नमुने. पण प्रत्येक नमुन्याच्या तळाशी 'आता खरेदी करा'चं बटण, आणि ते काढलं की सगळं पान वाकडं होई. "सपनाखाली दुकान?" मास्तर म्हणाले आणि दोनदा दोरी ओढली. गेलं.

दुसरं हुशार होतं. पत्र मंगळवारी सकाळी दहाला पाठवा, सर्वांत जास्त लोक तेव्हा उघडतात, असा त्याचा हट्ट. मास्तर हसले. "सकाळी दहाले वऱ्हाडात कोन झोपते? अडीच टाक. दुपारचे." ते वेळ बदलू द्यायचं, पण दरवेळी विचारायचं, खात्री आहे का? खात्री आहे का? चौथ्यांदा मास्तरांना ते उद्धट वाटलं.

तिसऱ्यानं तर कहर केला. चाचणीची तीन पत्रं आम्ही ओळखीच्या दहाजणांना पाठवली. सहाजणांनी उघडली नाहीत. लगेच त्याचा सल्ला आला : हे वाचक निष्क्रिय आहेत, यांना यादीतून काढा, यादी निरोगी राहील.

 मास्तरांनी खिशातला जुना तिकीट-पंच काढला आणि बोटात कटकट वाजवत राहिले. राग आला की ते असं करत.

"झोपलेल्या मानसाले मधातच उतरवून द्याचं म्हनते हे," ते हळू आवाजात म्हणाले. "छत्तीस वर्सांत म्या एक मानूस झोपेत उतरवला नाई, पोरी. त्याचं गाव येऊ द्या लागते."

आणि चौथं ते, ब्याऐंशी माणसं खाणारं.

त्या दिवशी खुर्चीवरून खाली उतरल्यावर मास्तर ओरडायचे थांबले, तेव्हा मला कळलं की मामला नुसत्या आकड्याचा नाही. त्यांनी सातवी वही काढली. पान उघडावं लागलं नाही, ते आपोआप उघडलं, इतक्या वेळा तिथंच उघडलेलं होतं.

सीट सात. बाई, लाल पिशवी. अकोटहून.

"इच्यासाठी सारं चाललं हाय," मास्तर म्हणाले. "बाकीचे सोबतीले."

बावीस वर्षांपूर्वीची दुपार. बाईला झोप लागली होती. त्या गावाचा थांबा आला, मास्तरांनी खांद्याजवळच्या दांडीवर पंच वाजवून उठवलं. बाई उठली, लाल पिशवी उचलली आणि दारापर्यंत जाता जाता सांगत गेली. त्यांच्या वावरातली कोरडी विहीर, काठोकाठ कापसानं भरलेली. पांढरी, दुधावर साय धरावी तशी. वारा नव्हता, तरी कापूस हलत होता. आतून कोणीतरी वर येत होतं. आधी बोटं दिसली. मग मनगट. मग हिरव्या बांगड्या.

"मंग?" मास्तरांनी विचारलं होतं.

तोवर बाईचा पाय जमिनीवर पडला होता. मागच्यांनी गलका केला, घंटी वाजली, गाडी सुटली. धुळीत लाल पिशवी दिसली, मग तीही नाही.

"बावीस वर्स झाले. मी डोळा लावला की ते बोटं दिसते. कोन वर येऊन रायलं, मालूम नाई. हे कळल्याबिगर मी मेलो, तं लय वांधे होतील."

"मग तुम्ही गावी गेला होतात ना ईमेल विचारायला? तेव्हाच विचारायचं."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बिनतिकीट सापडले आहे. "ते लेकीच्या घरी गेलती. शेजारनीनं इमेल सांगितला. आन घरी असती तरी काय? परक्या बाईमानसाच्या दारात उभं राहून इचारू, बाई तुमाले काय सपन पडलं? गाडीत मी मास्तर. खाली उतरलो की कोनी नाई. कागद जावा लागते. तिच्या नावाचा."

आणि त्या ब्याऐंशी खाल्लेल्यांत तिचं नाव होतं.

मग मी ती युक्ती काढली. जगात ती प्रथम मी काढली. पुढे कळलं की जगाला आधीपासून माहीत होती. ईमेलच्या पत्त्यात ताईच्या नावापुढं बेरजेचं चिन्ह घालायचं आणि चिन्हापुढं माणसाचं नाव. टूलला वाटतं, त्र्याऐंशी वेगळे पत्ते. पत्रं जातात मात्र ताईच्याच पेटीत, ज्याच्या त्याच्या नावाची. मी हे मास्तरांना समजावलं तेव्हा त्यांनी बेरजेच्या चिन्हाकडे कौतुकानं पाहिलं. "म्हंजे नळ एकच. घागरी आपापल्या."

माणसं खाणाऱ्यानं बेरजेचं चिन्ह पाहून नाक मुरडलं. पत्ता अवैध. उरलं पाचवं. राखाडी रंगाचं, तलाठी ऑफिसातल्या अर्जासारखं रुक्ष. नमुने दोनच. सल्ला कसलाही नाही. त्यानं त्र्याऐंशी नावं निमूट घेतली, अडीच वाजता म्हटलं तर अडीच लिहिलं, आणि झोपलेल्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

"यालेच राग येत नाई," मास्तर म्हणाले. निवड झाली.

पाठवायच्या दुपारी काकूंनी अंगणात सडा टाकला, लग्न असल्यासारखा. मास्तरांनी जुना खाकी शर्ट घातला. घड्याळात अडीच झाले. बाहेर लिंबाच्या सावलीत कुत्री झोपलेली, समोरच्या किराणा दुकानात मालक काउंटरवर डोकं ठेवून झोपलेला, आणि मला तर वाटलं की अमरावतीपासून तेल्हाऱ्यापर्यंतचा सगळा मुलूख एकाच मोठ्या गाडीत बसून डुलतो आहे. मास्तरांनी दोरी दोनदा ओढली. मी बटण दाबलं. तीनशे अकरा स्वप्नं घरातून बाहेर पडली. दाराचा पडदा जरासा हलला, हे मी पाहिलं.

पाचव्या मिनिटाला मास्तरांचा फोन वाजला. फोन कानापासून हातभर लांब धरूनही सेतूवाल्या ताईचा आवाज खोलीभर.

"मास्तर! काय लावलं हे? त्र्याऐंशी! माह्या पेटीत त्र्याऐंशी! पंपाच्या मंजुरीचा मेल खाली गेला कुठल्या कुठं! एका बाईले पंप पायजे आन तिच्या नावानं हिरव्या बैलाचं सपन निंगून रायलं!"

"ज्याचं त्याले वाचून दाखवा ना, ताई," मास्तर गयावया करत म्हणाले.

"मले धंदा नाई काय?"

पण तिनं दाखवलं. चार दिवस दाखवलं. सातबारा न्यायला आलेला माणूस सातबारा घेऊन जायचा आणि वर स्वतःचं वीस वर्षांपूर्वीचं स्वप्न. सेतू केंद्राबाहेर रांग लागली. त्र्याऐंशीचे एकशे चाळीस झाले, कारण मास्तरांच्या गाडीत कधी न बसलेलेही येऊन विचारू लागले की आमचं आलं का. दोन भाऊ एका स्वप्नावरून भिडले; दोघंही म्हणत, पांढरा घोडा मी पाहिला. वावरातल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आधीच भांडण होतं, त्यात हा घोडा शिरला. तीच ती भांडणं, अजून चालू असलेली.

पाचव्या दिवशी मास्तरांनीच फोन लावला. विचारायला धीर होईना, म्हणून आधी पाऊसपाणी, मग पंप, मग घोडा. शेवटी, "सीट सात... म्हंजे ते लाल पिशवीवाली बाई. तिनं घेतलं काय?"

"घेतलं. चस्मा नोता, मीच वाचलं. ऐकून हासली."

"आन पुढचं? पुढं काय झालं, ते?"

"मले नाई सांगितलं. म्हने, मास्तर आले तं त्यायलेच सांगीन."

मास्तरांनी फोन ठेवला आणि एकदा दोरी ओढली. काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जाऊन या. पन मले वाटते, इचारू नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, मास्तर आणि मी. अमरावती ते अकोला, तिथून अकोट, तिथून पुढं. मास्तर प्रवासी म्हणून गाडीत बसले की त्यांना हात कुठं ठेवावे कळत नाही. ते सगळा वेळ खिशातला पंच चाचपत होते. अकोट सुटलं तशी ऊन आत आलं आणि माझ्या मांडीवर बसलं. बाहेर दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. पांढरं, पांढरं, मग नुसतंच पांढरं. खांद्याला हात लागला.

"उठ पोरी. गाव आलं. काय पाह्यलं?"

मी पाहिलं होतं. पण काकूंसारखंच ठरवलं, की माझं माझ्याजवळ. "काही नाही," म्हणाले. मास्तरांनी ओळखलं असावं. लिहून मात्र घेतलं नाही.

सेतू केंद्राच्या ओट्यावर बाई येऊन बसलेली होती. पासष्टीची, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. लाल नव्हती, बियाण्याच्या दुकानातली होती. ताईनं कॉम्प्युटर सोडला आणि दारात येऊन उभी राहिली. रांगेतली माणसंही ओट्याभोवती जमली. भांडणारे ते दोघे भाऊसुद्धा.

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. सातवी वही उघडली, ती आपोआप उघडली. सगळं वाचून दाखवलं, विहीर, कापूस, बोटं, मनगट. हिरव्या बांगड्यांपाशी साठ सीटांच्या गाडीचा तो आवाज इतका बारीक झाला, की ताईला पुढं वाकावं लागलं.

"बाई," मास्तर म्हणाले, "बावीस वर्स झाले. त्या हिरीतून कोन वर आलं?"

बाईनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, ओळख पटली तशी पदर सावरला आणि पिशवी उचलून उठली.

"मले कसं मालूम, मास्तर? तुमीच तं उठवलं मले."